मुंबईहून मॅग्डालाला निघालेली फौज

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की इथिओपियाचा आपल्या मुंबईशी कधी काही संबंध आला होता का. तेवढ्यात आईने जेवणाची चौकशी सुरू केली आणि उत्तर राहून गेलं. फोनवर मावणारं ते नव्हतंच. तुमची उभी नोकरी गोदीत माल मोजण्यात गेली, म्हणून ही हकिगत आधी तुम्हालाच सांगावीशी वाटते. आई, तूही वाच. यात लढणाऱ्यांपेक्षा ओझी वाहणारे आणि चुली पेटवणारे जास्त आहेत.

तेवोद्रोस हा इथला, म्हणजे इथिओपियाचा सम्राट. फुटलेला देश एका गादीखाली आणायला तो आयुष्यभर झगडला. राणी व्हिक्टोरियाला त्याने पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. चिडून त्याने ब्रिटिश कॉन्सल आणि इतर काही युरोपीय लोकांना कैदेत टाकलं. त्यांना सोडवायला १८६७ च्या ऑगस्टमध्ये लंडनने फौज पाठवायचं ठरवलं. सुएझ कालवा खुला व्हायला अजून दोन वर्षं होती, म्हणून फौजेची जमवाजमव झाली ती मुंबईत. सेनापती सर रॉबर्ट नेपियर. मुंबई लष्कराचे ते प्रमुख, पण मूळ पेशा इंजिनीअरचा. रस्ता आणि पाणी यांची खात्री झाल्याशिवाय पुढे सरकायचं नाही, हा त्यांचा खाक्या.

आकडे वाचून तुम्ही खुर्चीत सावरून बसाल. सैनिक सुमारे १३,०००. त्यांच्याबरोबर भिस्ती, गवत कापणारे, मोतद्दार, आचारी, डोलीवाले, माहूत असे सुमारे २६,००० लोक. जनावरं ४०,००० च्या आसपास, आणि त्यांत ४४ हत्ती. ससून डॉक १८७५ चा, प्रिन्सेस डॉक १८८० चा, म्हणजे तुम्हाला माहीत असलेली गोदी तेव्हा नव्हतीच. तरीही मुंबईच्या धक्क्यांवरून यातलं बरंच काही, हत्तींसकट, जहाजांत चढलं. हत्तीला पोटाखालून पट्टे बांधून उचलायचा आणि जहाजाच्या तळात उतरवायचा! मुकादम कोण होता, दोर कोणी ओढले, कोणी लिहून ठेवलेलं नाही.

पलीकडे तांबड्या समुद्राच्या काठी झुला नावाची जागा होती (आता ती एरिट्रियात येते). उजाड किनारा, गोडं पाणी नाही. जहाजांच्या यंत्रांवर समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचं पाणी काढावं लागे. समुद्रात धक्के बांधले, भारतातून रूळ आणि इंजिनं आणून डोंगराच्या पायथ्यापर्यंत वीसेक किलोमीटरची रेल्वे टाकली. पण पहिले काही आठवडे तिथे जे झालं, ते वाचताना माझा जीव वर-खाली होत होता. स्पेन, इजिप्त, तुर्कस्तान, सीरिया अशा ठिकाणांहून हजारो खेचरं विकत घेऊन पाठवली होती. त्यांना सांभाळणारे लोक मात्र पुरेसे नव्हते. जे मिळेल त्या बंदरातून गोळा केले होते, त्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, कित्येकांनी आयुष्यात खेचर हाकलं नव्हतं. बांधायला साखळ्यांऐवजी दोर होते, ते खेचरांनी चावून तोडले. मोकाट जनावरं पाण्यासाठी किनाऱ्यावर भटकत मेली. त्यात रोग पसरला. माल उतरत होता, पुढे सरकत नव्हता.

बाबा, माझं इथलं काम तुम्हाला ठाऊक आहे. जिबूतीच्या बंदरातून धान्य येतं, ते दुष्काळी भागात पोचवायचं. गाड्यांचा हिशेब लावणं सोपं असतं. पण गाडी पोचली आणि पोती उतरवून घेणारं, ताडपत्री टाकणारं, उंदीर-पावसाची काळजी वाहणारं माणूस तिथे नसेल, तर ते धान्य पोचलं असं मी मानत नाही. तुम्ही शेडमध्ये पोतं न पोतं स्वतः पाहायचात आणि घरी उशिरा यायचात, त्यामागचं कारण मला इथे येऊन कळलं.

गाडं रुळावर आणलं ते पंजाबातून आलेल्या तांड्यांनी. लाहोर आणि रावळपिंडीची ही माणसं आपल्या खेचरांसकट, आपल्या खोगिरांसकट, आपल्या जमादारांच्या हाताखाली आली. जनावर त्यांच्या ओळखीचं होतं. या एका गोष्टीसाठी मला नेपियरचंही कौतुक वाटतं. जानेवारी १८६८ मध्ये ते झुलाला उतरले, तेव्हा कैदी डोंगरावर अडकलेले, वर्तमानपत्रं ओरडत असलेली, तरी घाई न करता त्यांनी आधी ही वाहतूक सुधारून घेतली.

कैदी ज्या डोंगरी गडावर होते, ते मॅग्डाला होतं सहाशेहून जास्त किलोमीटर आत, डोंगरांवर डोंगर ओलांडून. वाटेत धान्य आणि चारा विकत घ्यायचा तर इथल्या बाजारात ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा थेलर, म्हणजे चांदीचं नाणंच चाले, तेही १७८० सालाच्या छापाचं. मग व्हिएन्नाच्या टांकसाळीतून तसे लाखो थेलर पाडून आणले. रोख दाम मिळतात म्हटल्यावर शेतकरी धान्य घेऊन छावणीपाशी येऊ लागले. वाटेतल्या तिग्राई प्रांताचा सत्ताधीश कासा याच्याशी नेपियरनी फेब्रुवारीत भेट घेतली, त्यामुळे वाट मोकळी राहिली. पुढे चढ वाढले तसं सामान कमी केलं, तंबू आणि जादा कपडे मागे टाकले. जड तोफा हत्तींच्या पाठीवर होत्या.

त्याच महिन्यांत दुसरी फौजही मॅग्डालाकडेच चालली होती. तेवोद्रोसने गाफतच्या युरोपीय कारागिरांकडून सुमारे ७ टनांची एक उखळी तोफ ओतून घेतली होती, नाव सेबास्टोपोल. ऑक्टोबर १८६७ मध्ये तो देब्रे ताबोरहून निघाला. रस्ता नव्हता. तो स्वतः धोंडे उचलायचा, रस्ता फोडायचा, आणि शेकडो माणसं चामड्याच्या दोरांनी ती तोफ ओढायची. वाटेतली गावं त्याच्या फौजेने आधीच लुटून ओस पाडली होती. त्यामुळे दाणा मिळेना, आणि सैनिक रात्री पळून जात होते. मार्चअखेर तोफ मॅग्डालाला पोचली. तिची प्रतिकृती इथे अदिस अबाबाच्या चौकात आहे, तिच्यासमोरून जाताना मला ते ओढणारे आठवतात. तेवोद्रोस क्रूर होता, त्याने आपल्याच लोकांना फार छळलं, हे खरं. तरी त्या तोफेला खांदा देणारा राजा मला विसरता येत नाही.

लढाई दुपारभराची झाली. १० एप्रिलला आरोगेच्या पठारावर नव्या स्नायडर रायफलींपुढे तेवोद्रोसचे सुमारे ७०० लोक पडले. इंग्रजांच्या बाजूचे दोन जखमी पुढे दगावले. १३ तारखेला गड पडला आणि तेवोद्रोसने स्वतःवर पिस्तूल झाडलं. कैदी तर आधीच सुटले होते. मग गडावरच्या चर्चमधली हस्तलिखितं, मुकुट, क्रूस लुटले गेले. ती लूट वाहायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरं लागली. बाबा, हे तेच हत्ती, आपल्या मुंबईच्या धक्क्यावरून गेलेले. तेवोद्रोसचा लहानगा मुलगा अलेमायेहूही इंग्लंडला नेला गेला आणि १८७९ मध्ये अठराव्या वर्षी तिकडेच वारला. लुटीतल्या वस्तू परत द्या म्हणून हा देश आजही मागतो आहे, आणि त्या परत यायलाच हव्यात असं मला मनापासून वाटतं.

आता कामाचं. बाबा, तुमच्या जुन्या गोदीतल्या मित्रांपैकी कोणाच्या घरी असं काही सांगितलं जायचं का, की पणजोबा 'हबशाच्या लढाईला' गेले होते? विचारून बघा. मिळालं तर नाव आणि गाव लिहून ठेवा. आई, तुझं डोळ्याचं ऑपरेशन माझ्या रजेपर्यंत लांबवू नकोस. डॉक्टर देतील ती तारीख घे, मी त्या वेळी रजा टाकते. मेतकूट संपलं आहे, येणारं कोणी असेल तर धाड.

तुमची,
लेक