शेवंती घेऊन कॅसिनोला

रोम, ५ नोव्हेंबर

प्रिय आई व पप्पा,

प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

माझा खोकला पूर्ण बरा झाला आहे आणि कामाचे सगळे तुम्हाला फोनवर कळतेच, म्हणून परवा सुट्टीत कॅसिनो या गावी जाऊन आले त्याविषयीच लिहिते.

रोमच्या आग्नेयेला सुमारे १३० किलोमीटरवर हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या जानेवारीपासून मे महिन्यापर्यंत, येथे दोस्त राष्ट्रे आणि जर्मन यांच्यात घनघोर लढाई झाली आणि डोंगरावरचा संत बेनेडिक्टचा मठ बॉम्बफेकीत जमीनदोस्त झाला. तो आता पुन्हा उभा आहे. पायथ्याशी राष्ट्रकुलातील, म्हणजे ब्रिटन, भारत वगैरे देशांच्या, सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे चार हजारांहून अधिक कबरी असून अधिकारी असो वा शिपाई, सगळ्यांचे दगड एकसारखे आहेत. ख्रिस्ती सैनिकाच्या दगडावर क्रूस, इतरांच्या दगडावर त्यांच्या त्यांच्या धर्माचे चिन्ह. ज्यांची ओळखच पटली नाही, ते देवाला ठाऊक आहेत एवढेच कोरलेले. ज्यांची कबरही सापडली नाही, त्यांची नावे संगमरवरी स्तंभांवर आहेत आणि त्यांतच मला नाईक हुद्द्यावरच्या यशवंत घाडगे यांचे नाव सापडले. माणगावजवळच्या पळसगावचे, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीतले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले तेव्हा ते एकटे मशीनगनवर धावून गेले, तिच्यावरील शत्रूला संपवले आणि तेथेच गोळी लागून पडले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

मी त्यांच्यासाठी पिवळी शेवंती नेली होती आणि त्याबद्दल सविस्तर सांगायला हवे. इटलीत शेवंती हे केवळ मृतांचे फूल आहे. ऑक्टोबरच्या अखेरीस फुलांची दुकाने तिने भरून जातात, २ नोव्हेंबरला घरोघरची माणसे ती घेऊन कबरींवर जातात, पण वाढदिवसाला, आजाऱ्याला किंवा नवरीला ती कोणीही देत नाही. पहिल्या वर्षी मी घरमालकिणीला तिच्या वाढदिवशी शेवंतीचा गुच्छ दिला, तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि मला कितीतरी दिवस कारण कळले नाही. आपल्याकडे मात्र हेच फूल पूजेत असते, लग्नाच्या हारात असते. घाडगे यांच्या गावच्या रीतीने आणि ते जेथे पडले त्या देशाच्याही रीतीने चालेल, असे हे एकच फूल मला सुचले.

तेथे उभी असताना योहानाच्या शुभवर्तमानातील पंधरावा अध्याय आठवत होता: मित्रांसाठी प्राण देण्याहून मोठी प्रीती नाही. पप्पा, हे वचन तुम्हीच पाठ करून घेतले होते. परंतु प्रभूने शिष्य पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितले आणि स्वतः कोणावर हात न उचलता मरण पत्करले; घाडगे शत्रूला मारता मारता मेले. शिवाय जवळच कायरा येथे २०,००० हून अधिक जर्मन सैनिक पुरलेले आहेत आणि त्यांच्यापैकी कित्येकांना हेच वचन पाठ असणार. युद्धाला मी पवित्र म्हणू शकत नाही. तरी त्या २२ वर्षांच्या मुलाची प्रीती खरी नव्हती, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आई, मी कॅथलिकांसारखी मृतांसाठी प्रार्थना करू लागले का, असे तू विचारशीलच. नाही. मी फक्त तेविसावे स्तोत्र वाचले आणि देवाचे आभार मानले. एकटीही नव्हते, मैत्रीण सोबत होती आणि अंधार पडण्यापूर्वी आम्ही परतलो. रविवारची उपासना मी चुकवत नाही, हेही पुन्हा सांगते.

पाठवलेल्या पैशांतून आधी कर्जाचा हप्ता भरा. उरलेले आजीच्या कबरीच्या दगडासाठी ठेवा. तिला मूठमाती द्यायला मी येऊ शकले नाही आणि परवा अनोळखी माणसाच्या नावापुढे फुले ठेवताना माझे हात थरथरत होते. लग्नाच्या त्या स्थळाबद्दल नाताळनंतर नक्की कळवते. त्यांना उगाच ताटकळत ठेवू नका, हवे तर नाही सांगा. कॅसिनोच्या दगडांवर खालची ओळ घरच्यांना निवडता येत असे. आजीच्या दगडावरही तशी एक ओळ घालू या. ती आईने निवडावी, कारण शेवटच्या रात्री आजी कोणते गीत म्हणत होती, ते ऐकायला तीच होती.

तुमची,
बेबी