सूचना : परदेशातील सेवाकार्याचे अनुभवकथन

आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या सर्व सभासदांस कळविण्यात येते की, युगांडात चार वर्षे सेवा करून धुळ्यास परतलेले आपल्या मंडळीतील दांपत्य येत्या रविवारी उपासनेनंतर, सकाळी ११ वाजता, मंदिरामागील सभागृहात तेथे शिकलेले धडे सांगणार आहे. पहिले सहा महिने उपदेश बाजूला ठेवून केवळ तेथील लुगांडा भाषा शिकावी, असा त्यांचा आग्रह आहे; मक्याच्या पिठाचा घट्ट पोशो हाताने खाताना यजमानीणबाईंनी त्यांचा चुकलेला शब्द हसत दुरुस्त केला आणि खरी ओळख तेव्हापासून झाली, असे ते सांगतात. (कळण्याच्या भाकरीची आठवण मात्र चारही वर्षे सुटली नाही.)

पुढे तेथे सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांनी कृपया लक्षात घ्यावे :

१. पिवळ्या तापाची लस शासनमान्य केंद्रातच घ्यावी. प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य धरले जाते व आयुष्यभर चालते. ते नसल्यास परतताना भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

२. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत निघण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

३. पासपोर्टची छायाप्रत सोबत आणावी.

प्रश्न शनिवारपर्यंत लेखी द्यावेत. देणगीचा विषय या सभेत काढू नये, ही विनंती.

सचिव, पंच कमिटी