काडतुसाची पारख कागदावर व्हावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रिमफायर (पुंगळीच्या कडेवर आघात होऊन पेटणाऱ्या काडतुसाच्या) रायफलीने ससा किंवा खारीसारखे लहान सावज टिपणाऱ्यांमध्ये काडतुसांचा विषय निघाला, की चर्चा बहुधा गोळीच्या वेगापाशी आणि डब्यावरच्या नावापाशी येऊन थांबते. गोळी जितकी वेगवान तितकी सरळ आणि डबा जितका महाग तितकी अचूक, ही समजूत चांगलीच रुळलेली आहे. अनेक वर्षे .22 लाँग रायफल ही रिमफायर काडतुसे कागदी लक्ष्यावर तपासून पाहिल्यावर मला ती निम्मीच खरी वाटते, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी वेगाचे पाहू. या काडतुसातील शिशाची गोळी साधारणपणे 40 ग्रेनची, म्हणजे सुमारे 2.6 ग्रॅमची असते. स्टँडर्ड काडतुसातून ती सेकंदाला सुमारे 325 मीटर वेगाने सुटते, तर हाय व्हेलॉसिटी काडतुसातून 370 ते 390 मीटर वेगाने. हवेत ध्वनीचा वेग 20 अंश सेल्सिअसला 343 मीटर असतो. याचा अर्थ असा, की वेगवान गोळी नळीतून निघताना ध्वनीच्या पुढे असते आणि पन्नासएक मीटर जाईपर्यंत त्याच्या मागे पडते. हा उंबरठा ओलांडताना हवेचा अडथळा सर्वाधिक असतो आणि गोळीचा तोल ढळण्याचा संभवही तिथेच असतो. नवख्यांना न पटणारी एक गोष्ट यातूनच निघते. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल हे तिच्या नुसत्या वेगावर नव्हे, तर हवेमुळे तिला वाटेत किती विलंब झाला यावर ठरते, आणि वेगवान गोळीचा हा विलंब अधिक असल्यामुळे वाऱ्यात तीच जास्त सरकते. वेगवान काडतूस निरुपयोगी आहे असे मात्र मुळीच नाही. त्याचा मार्ग अधिक सपाट असतो आणि अनेक सेमी-ऑटोमॅटिक रायफली त्याच्याशिवाय नीट चालत नाहीत. पन्नास मीटरवर नेम बसवलेली स्टँडर्ड गोळी शंभर मीटरवर चांगली वीतभर खाली पडते, हेही विसरून चालणार नाही. पण लहान सावजावर त्या अंतरावरून .22 चालवावीच कशाला?

खरा प्रश्न सारखेपणाचा आहे. सेंटरफायर, म्हणजे तळाच्या मध्यावर आघात होऊन पेटणारे, काडतूस घरी पुन्हा भरता येते आणि दारूचे माप आपल्या रायफलीला साजेसे ठेवता येते. रिमफायरमध्ये ठिणगीचे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोडा ती कडा चेपतो, त्यामुळे कारखान्याने जे मोजून दिले तेच अंतिम. दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला 15 मीटरचा फरक पडला, तर पन्नास मीटरवर भोके सुमारे सेंटीमीटरभर वर-खाली होतात आणि शंभर मीटरवर चारएक सेंटीमीटर. शिवाय प्रत्येक नळीची आवड निराळी असते. एकाच कारखान्याच्या, एकाच नमुन्याच्या दोन रायफली एकाच डब्यातील काडतुसांना वेगवेगळा कौल देतात, आणि तेच काडतूस दुसऱ्या लॉटमधले, म्हणजे कारखान्याच्या दुसऱ्या खेपेतले, असले तर पहिल्याच रायफलीचा कौल बदलतो. स्पर्धेतील नेमबाजांना हे पक्के ठाऊक असते. एली आणि लापुआ यांसारख्या काडतूस-उत्पादकांनी तर आपली रायफल घेऊन येऊन निरनिराळे लॉट तपासता यावेत म्हणून चाचणी-केंद्रेच चालवली आहेत. शिकाऱ्याला एवढे करण्याची गरज नाही, पण चार-पाच प्रकारचे डबे आणून आपल्याच रायफलीतून ते झाडून पाहणे त्यालाही चुकत नाही. काडतूस बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नयेत, कारण नव्या गोळीवरचे मेण किंवा वंगण नळीत बसेपर्यंत ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, विस्कटलेलाच राहतो.

माझा खरा आक्षेप तीन गोळ्यांच्या ग्रुपवर आहे. तीन भोके एकमेकांना चिकटलेला कागद खिशात घेऊन फिरणारे पुष्कळ भेटतात, पण त्याच काडतुसाने सलग दहा गोळ्या झाडायला सांगितले की तो कागद पुन्हा खिशात जातो. स्पर्धेत एखादी गोळी भरकटली तर गुण जातो. शिकारीत तीच गोळी जनावराला जखमी करून झुडपात पाठवते. म्हणून शिकाऱ्याने सर्वांत चांगला ग्रुप नव्हे, तर दहांपैकी सर्वांत दूर गेलेली गोळी पाहावी. सशाच्या डोक्यातील मर्मस्थान तीनएक सेंटीमीटरचे धरले आणि पन्नास मीटरवर दहा गोळ्यांचा ग्रुप चार सेंटीमीटरचा येत असेल, तर पस्तीस मीटरच्या आत येईपर्यंत चाप ओढू नये, इतके हे गणित सरळ आहे. दुसरे असे, की शिकारीत पहिली गोळी थंड नळीतूनच जाते. वेगवेगळ्या दिवशी एकेकच पहिली गोळी एकाच कागदावर झाडून तो कागद जपून ठेवला, तर त्यावरची भोके कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक सांगतात. (काडतुसे तोलून आणि त्यांच्या कडांची जाडी मोजून वेगळी काढण्याचा उद्योग मीही एके काळी केला. वेळ छान गेला, ग्रुप होता तेवढाच राहिला.)

गोळीच्या टोकाचा विचार अचूकतेनंतर करावा, पण करावा जरूर. स्पर्धेची गोल टोकाची गोळी बहुधा फारशी न फुलता आरपार जाते. पोकळ टोकाची फुलते, मात्र कमी वेगात ती फुलेलच याची खात्री नसते. शिशाच्या विषारीपणाच्या प्रश्नामुळे कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून सर्व प्रकारच्या शिकारीसाठी शिसेविरहित गोळ्या बंधनकारक आहेत, आणि तशा हलक्या गोळ्या आपल्या नळीला मानवतात का, हे पुन्हा कागदावरच पाहावे लागते. ही लहानशी गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते आणि दगडावरून किंवा पाण्यावरून सहज उसळते. तेव्हा कायद्याने शिकारीची मुभा असेल तिथेही सावजामागे मातीचा उंचवटा नसेल तर अचूक काडतूसही खिशातच राहू द्यावे.

पसंत पडलेल्या काडतुसाचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटचे डबे एकदम घेऊन ठेवावेत. आपल्या पत्रातून या विषयावर लेखन प्रसिद्ध होते तेव्हा काडतुसाच्या वेगाबरोबरच किती गोळ्यांचा ग्रुप, किती अंतरावर आणि कोणत्या लॉटने आला, हेही छापले जावे, अशी विनंती आहे.

आपला,
एक नेमबाज वाचक