सबवूफर घेताना वॅटच्या आकड्याला भुलू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सणासुदीच्या सवलतींच्या जाहिरातींत स्वस्त सबवूफरची, म्हणजे फक्त खर्जाचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरची, ओळख वॅटच्या एकाच आकड्याने करून दिली जाते. खोक्यावर ठळक छापलेले ‘पीएमपीओ’चे, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे, हजारो वॅट मोजण्याची कोणतीही सर्वमान्य पद्धत नाही, हे मात्र ग्राहकाला कुणी सांगत नाही. मीही अशाच आकड्यावर विसंबून एक संच घेतला आणि घरी आल्यावर मागच्या पट्टीवरचा वीजवापर वाचला, तेव्हा तो अवघा ६० वॅट निघाला. जे यंत्र विजेच्या जोडणीतून ६० वॅट घेते, ते सलग त्याहून अधिक देणे शक्यच नाही.

विचारायला हवेत ते आरएमएस वॅट, म्हणजे सलग देता येणारी शक्ती. आणि त्याहीआधी सबवूफर किती हर्ट्झपर्यंत (सेकंदाला किती कंपनांपर्यंत) खाली उतरतो, तेही आवाजाच्या पातळीत किती डेसिबलचा फरक पडून, हे विचारावे, कारण डेसिबलची मर्यादा न सांगता छापलेल्या ‘२० हर्ट्झ’ला काही अर्थ नसतो. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे ज्यांना मुख्यतः गाणी ऐकायची आहेत, त्यांना ४० हर्ट्झपर्यंत खरोखर उतरणारा आठ किंवा दहा इंची सबवूफर पुरतो. १०० ऐवजी २०० वॅट घेतले तरी आवाजाची पातळी जेमतेम ३ डेसिबलने वाढते. त्या पैशात चांगली, जड, न थरथरणारी पेटी (सबवूफरचे खोके) मिळत असेल तर ती घ्यावी. माझ्या कानाला शास्त्रीय संगीतासाठी बंद पेटीच बरी वाटते. हवा बाहेर सोडणारे छिद्र असलेल्या स्वस्त पेटीत डग्ग्याचा घुमार आणि नुसती घरघर यांतला फरकच उरत नाही.

साउंडबारसोबत येणारा बिनतारी सबवूफर बहुधा त्याच साउंडबारशी जोडला जातो. घरातल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला तो चालेल असे गृहीत धरू नये.

जागेचा प्रश्न तर पैशांहून मोठा आहे. बारा फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा सूर भिंतींमध्ये अडकून फुगतो आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर तो आणखी फुगवतो. म्हणून सबवूफर काही वेळ आपल्या बसण्याच्या जागी ठेवावा, ओळखीचे गाणे लावावे आणि भिंतीलगत खाली वाकून फिरत राहावे. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येतो, तिथेच तो कायमचा मांडावा. याला एक पैसाही लागत नाही.

आपल्या ग्राहकविषयक सदरातून ही माहिती प्रसिद्ध व्हावी आणि दुकानदारांनी निदान एक संच जोडून ठेवून ग्राहकाला त्याने स्वतः आणलेले गाणे शांतपणे ऐकू द्यावे, एवढीच विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक, डोंबिवली