बीचिंगच्या आधीच बंद झालेलं व्ह्रॉनगॉख

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला ब्रिटनमधल्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनांवरचा लेख वाचला. फोटो सुंदरच होते, पण वेल्समधली लहान स्टेशनं बीचिंगच्या रिपोर्टमुळे (तोट्यातल्या रेल्वे लाइनी बंद करा असं सुचवणारा ब्रिटिश रेल्वेच्या प्रमुखाचा अहवाल) गेली असं त्यात सरसकट म्हटलंय ते पटलं नाही म्हणून लिहितोय. तो रिपोर्ट १९६३ चा, आणि उत्तर वेल्समधलं व्ह्रॉनगॉख स्टेशन पॅसेंजरसाठी जानेवारी १९६० मध्येच बंद झालं, पुढच्या वर्षी मालगाड्याही थांबल्या. तिथे कारण वेगळं होतं, लिव्हरपूलला हवं असलेलं पाणी.

व्ह्रॉनगॉख ज्या लाइनवर होतं ती बाला ते ब्लायनाय फेस्टिनिओग लाइन १८८२-८३ ची, नंतर ती ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीकडे गेली. डोंगराळ भाग, वस्ती विरळ, मेंढ्या आणि दगडाच्या खाणी, त्यामुळे पॅसेंजर कमी होते हे मान्यच आहे. पण लिव्हरपूल महापालिकेने त्रिवेरिन नदीवर धरण बांधायचं ठरवलं आणि वेल्समधल्या स्थानिक कौन्सिलांची परवानगी घ्यायला लागू नये म्हणून थेट लंडनच्या पार्लमेंटमधून १९५७ मध्ये कायदाच करून घेतला. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी एकानेही बाजूने मत दिलं नाही तरी तो पास झाला! कॅपेल केलिन नावाचं अख्खं गाव, शाळा, पोस्ट, चॅपल, घरं आणि शेतं सगळं पाण्याखाली गेलं, त्याआधी १९५६ मध्ये गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा काढून आले होते पण कोणी ऐकलं नाही. रेल्वे त्याच दरीतून जायची, ती वळवून न्यायची तर खर्च, आणि मोजक्या गाड्यांसाठी तो करायला कोणी तयार नव्हतं, मग लाइनच तोडली. धरण १९६५ मध्ये सुरू झालं आणि महापालिकेने माफी मागितली ती २००५ मध्ये, म्हणजे ४० वर्षांनी.

व्ह्रॉनगॉख धरणाच्या खालच्या बाजूला असल्याने बुडालं नाही. पण या स्टेशनबद्दल मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते १९१६ चं प्रकरण, आणि लेखात त्याचा उल्लेखसुद्धा नव्हता. स्टेशनजवळ एक व्हिस्कीचा कारखाना होता, तो चालला नाही, मग पहिल्या महायुद्धात सरकारने तिथे जर्मन युद्धकैदी ठेवले. डब्लिनमधला ब्रिटिश सत्तेविरुद्धचा ईस्टरचा उठाव मोडल्यावर जर्मनांना हलवून सुमारे १८०० आयरिश लोकांना रेल्वेने इथे आणून उतरवलं, कोर्टात उभं न करताच डांबलेले. त्यात पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते झालेले मायकेल कॉलिन्स होता, रिचर्ड मलकाही होता. उंदरांनी भरलेल्या त्या जुन्या कारखान्यात आणि शेजारच्या लाकडी बराकींत या लोकांनी आयरिश भाषेचे वर्ग चालवले, कवायत केली, गेलिक फुटबॉल खेळले आणि मुख्य म्हणजे आयर्लंडच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या माणसांची एकमेकांशी ओळख झाली, जी बाहेर राहून एवढ्या लवकर कधीच झाली नसती. त्या कॅम्पला क्रांतीचं विद्यापीठ म्हणतात ते उगाच नाही. डिसेंबरपर्यंत त्या सगळ्यांना सोडलं आणि पाच वर्षांनी, १९२१ मध्ये, आयर्लंडला स्वराज्य देणाऱ्या, ब्रिटिश सरकारसोबतच्या करारावर सही करणाऱ्यांत तोच कॉलिन्स होता.

आता कॅम्पच्या जागेवर शाळा आहे, जवळ कैद्यांच्या आठवणीचा फलक आहे, स्टेशनच्या इमारतीत लोक राहतात. रूळ गेले, काही ठिकाणी त्याच मार्गावरून बाला ते त्राउसव्हनिद असा रस्ता केलाय. पुढे डोंगरात कुम प्रिसोरचा नऊ कमानींचा दगडी पूल मात्र अजून शाबूत आहे, त्याचा फोटो लेखात हवा होता असं मनापासून वाटलं.

तेव्हा एक विनंती, या एका लाइनवर स्वतंत्र लेख द्या, नकाशासकट, आणि "तोट्यात होती म्हणून बंद" एवढ्या एका ओळीत ती संपवू नका.

आपला,
एक नियमित वाचक