नोकरी सांभाळून केलेल्या गेमविषयी

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, या गेममधून शेवटी मिळणार काय, आणि नोकरी सोडण्याचा विचार तर नाही ना, असे तुम्ही फोनवर विचारलेत. नोकरी सोडणार नाही, हे आधीच सांगतो. बाकीचे मात्र सविस्तर लिहिण्यासारखे आहे.

गेममध्ये एक पोस्टमन पावसाळ्यातल्या एका दिवशी घाटातल्या वाड्यावस्त्यांवर टपाल वाटतो. तुमच्या भोरकडच्या टपालाच्या फेरीवरूनच तो सुचला, हे तुम्ही ओळखले असेलच. सुरुवातीला मनात अख्खा तालुका आणि तिन्ही ऋतू होते. पण रात्रीच्या जेवणानंतर हाताशी जो तास-दीड तास उरतो, त्यात काय तडीस जाईल हे पाहून एक दिवस, एक घाटवाट आणि मोजक्या वस्त्या एवढेच ठेवले. आम्हा गेम बनवणाऱ्यांत एरिक बॅरोन यांचा दाखला हमखास दिला जातो. स्टारड्यू व्हॅली हा गेम त्यांनी सुमारे साडेचार वर्षे खपून, चित्रे आणि संगीतासकट, एकट्याने घडवला आणि २०१६ मध्ये तो आल्यावर त्याच्या लाखो प्रती खपल्या. परंतु त्या काळात ते नाट्यगृहात प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे अर्धवेळ काम करत आणि संसाराला त्यांच्या जोडीदाराच्या कमाईचा आधार होता, हे दाखला देणारे सहसा सांगत नाहीत. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने ती मोजपट्टी स्वतःला लावू नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो पोस्टमनच्या उडीवर. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटतात. खडकाच्या कडेवरून पाय सुटल्यानंतर खेळणाऱ्याने क्षणभर उशिरा बटण दाबले, तर काटेकोर नियमाने पोस्टमन खाली पडायला हवा. पण आपण वेळेवर दाबले होते अशी खेळणाऱ्याची खात्री असते आणि तो चिडतो. म्हणून पाय सुटल्यावरही पुढच्या सहा फ्रेमपर्यंत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत, मी उडी मान्य करतो. या युक्तीला कोयोटी टाइम म्हणतात आणि ती अनेक गेममध्ये असते. ती कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त खेळताना हाताला बरे वाटते, आणि याच कामात मला सर्वाधिक समाधान मिळाले.

आई, गणपतीत तू लॅपटॉपवर खेळत होतीस, तेव्हा मी शेजारी मुद्दाम गप्प बसलो होतो, कारण विकत घेणाऱ्याच्या शेजारी समजावून सांगायला मी नसणार. पत्र दुसऱ्याच घरचे असूनही तू पुन्हा पुन्हा तुळशीपुढे दिवा असलेल्या दारात जात होतीस. दिवा मी केवळ शोभेसाठी काढला होता. तुझ्या लेखी मात्र तिथे कोणीतरी वाट पाहत होते. आता ज्या घरचे टपाल पिशवीत असेल, त्याच अंगणात दिवा लागतो, आणि पत्ता समजावणारा सूचनांचा अख्खा पडदा मी काढून टाकला आहे.

बाबा, आता खर्चाचे. गेम ज्यात बनवतो ते गोडो हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. त्याचे शुल्क नाही आणि विक्रीत वाटाही द्यावा लागत नाही. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम ठेवण्यासाठी १०० डॉलर भरावे लागतात, विक्री १,००० डॉलरवर गेली की ते परत मिळतात, आणि विक्रीतला ३० टक्के वाटा सहसा दुकानाचा. तिथे विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. माझा गेम दीड तासात संपतो, म्हणजे तो पूर्ण खेळूनही एखाद्याला पैसे परत मागता येतील. काही मित्र म्हणतात, आणखी तासभर वाढव. मी वाढवणार नाही, कारण त्या तासाभरात पोस्टमनला सांगण्यासारखे काही नाही, आणि घर पगारावर चालत असल्यामुळेच मला असे ठरवता येते.

एक काम तुमच्याकडे आहे, बाबा. पावसात टपाल भिजू नये म्हणून पिशवीत ते कसे लावत होता, वर काय आणि तळाशी काय, हे वहीच्या पानावर काढून त्याचा फोटो पाठवा. पिशवी उघडल्याचे चित्र अजून काढायचे आहे.

तुमचा लेक