दुप्पट वजन आणि तीव्र मध्यम

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मंगळवारी मिळाले. शाळेच्या विज्ञानमंडळात तू मुलांना पायथागोरस आणि लोहाराची गोष्ट सांगितलीस आणि ती ऐकून मुले गाण्याकडे व गणिताकडे एकदमच वळली, हे वाचून फार बरे वाटले. तरीही तुला एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण आपल्या चाळीस वर्षांच्या मैत्रीत आपण एकमेकांपासून अशा गोष्टी कधी लपवल्या नाहीत. ती गोष्ट खोटी आहे. आणि ती खोटी कशी ठरली, कोणी ठरवली आणि त्यातून पुढे काय घडले, याचा वृत्तांत मूळ गोष्टीपेक्षा मोलाचा आहे असे मला मनापासून वाटते. म्हणून हे लांबलेले पत्र.

तू सांगितलेली कथा तीच, जी निकोमाखस या ग्रीक गणितज्ञाने इसवी सनाच्या सुमारे १०० मध्ये लिहिली आणि सहाव्या शतकात बोएथियस या रोमन विद्वानाने लॅटिनमध्ये आणून साऱ्या मध्ययुगीन युरोपच्या हाती दिली. पायथागोरस लोहाराच्या दुकानावरून जात असता ऐरणीवर पडणाऱ्या घणांचे आवाज त्याला एकमेकांशी सुरेल जुळलेले वाटले. त्याने घण तोलून पाहिले, तर त्यांची वजने १२, ९, ८ आणि ६ या प्रमाणात निघाली. १२ आणि ६ मध्ये षड्ज व तारषड्ज, म्हणजे वरचा षड्ज, यांचे नाते, १२ आणि ८ मध्ये षड्ज-पंचमाचे, १२ आणि ९ मध्ये षड्ज-मध्यमाचे. मग त्याने घरी येऊन तितक्याच प्रमाणात वजने तारांना टांगली आणि त्याला तेच स्वर ऐकू आले. १४९२ मध्ये मिलानच्या फ्रांकिनो गाफुरियो या संगीतशास्त्रज्ञाने छापलेल्या ग्रंथात याचे चित्रही आहे: घण, घंटा, पाण्याचे पेले, वजने लावलेल्या तारा, बासऱ्या, आणि सगळीकडे तेच आकडे.

यातला तारेच्या लांबीचा भाग पूर्ण खरा आहे. एकच तार, ताण तोच, आणि लांबी निम्मी केली की वरचा षड्ज मिळतो. दोन तृतीयांश ठेवली की पंचम. तीन चतुर्थांश ठेवली की मध्यम. तू सतारीच्या पडद्यांवर हे रोज अनुभवतोस. या खऱ्या शोधाच्या आधाराने पायथागोरसपंथीयांनी केवढी तत्त्वज्ञानाची इमारत उभी केली ते तुला ठाऊकच आहे. एक, दोन, तीन, चार या चार संख्यांत सारे सुसंवाद सामावलेले, त्यांची बेरीज दहा, म्हणून दहा हा पूर्णांक पवित्र. आणि पुढे प्लेटोने ‘तिमेयस’ या आपल्या ग्रंथात विश्वाचा आत्माच अशा प्रमाणांनी घडवलेला दाखवला. स्वर म्हणजे संख्या, विश्व म्हणजे स्वर, म्हणून विश्व म्हणजे संख्या. या विचाराचे सौंदर्य मी नाकारत नाही. पण सौंदर्यामुळेच घणांची आणि वजनांची गोष्ट तपासून पाहावी असे सुमारे दीड हजार वर्षे बहुतेकांना वाटले नाही.

तपासणी केली ती व्हिन्चेंझो गॅलिलेई या ल्यूट वाजवणाऱ्या कलावंताने. ल्यूट म्हणजे पडदे बांधलेले, पोटाला फुगीर असे तंतुवाद्य. व्हिन्चेंझो तत्त्वज्ञ नव्हता. हातांनी तारा लावणारा, पडदे सरकवणारा, पोटासाठी शिकवण्या करणारा माणूस होता. फ्लॉरेन्समधील जोव्हान्नी बार्दी या सरदाराच्या आश्रयाने तो व्हेनिसला जोझेफ्फो झार्लिनोकडे शिकला. हा झार्लिनो पुढे सेंट मार्क चर्चचा संगीतप्रमुख झाला आणि १५५८ मधील त्याच्या ग्रंथामुळे त्या काळी संगीतशास्त्रातला त्याचा शब्द अखेरचा मानला जाई. तो म्हणे की एकपासून सहापर्यंतच्या संख्यांत सर्व सुसंवाद आहेत आणि गायक निसर्गतः याच शुद्ध प्रमाणांत गातात. व्हिन्चेंझोचा हात ल्यूटवर होता, त्यामुळे त्याला हे पटेना. ल्यूटचा एक पडदा सर्व तारांखालून आडवा जातो; तो एका तारेसाठी शुद्ध ठेवावा तर दुसऱ्या तारेला बेसूर होतो. म्हणून वादक सगळे अर्धस्वर, म्हणजे सप्तकाचे बारा भाग, जवळपास सारखेच ठेवत, आणि त्यासाठी व्हिन्चेंझोने १८:१७ हे व्यवहारी प्रमाण सुचवले. बारा पडदे याप्रमाणे बांधले तर सप्तक अगदी किंचित आखूड पडते, पण कानाला खटकत नाही.

१५८१ मध्ये त्याने प्राचीन आणि आधुनिक संगीतावरचा संवादरूप ग्रंथ छापला. त्यातले एक विधान मला फार प्रिय आहे. केवळ थोरांच्या शब्दाचा आधार घेऊन, त्यामागची कारणे न शोधता, एखादी गोष्ट सिद्ध झाली असे मानणारे लोक विचित्र वागतात, अशा आशयाचे ते आहे. आणि तरीही वजनांची कथा तोवर त्यालाही खरीच वाटत होती! मग १५८९ च्या ग्रंथात, झार्लिनोला उत्तर देताना, आपण पूर्वी या समजुतीत होतो आणि प्रयोगानेच ती दूर झाली, अशी कबुली त्याने दिली. आपली चूक छापून जगाला सांगणारा कलावंत दुर्मीळ; माझ्या दृष्टीने हे एकच कृत्य त्याला थोर ठरवायला पुरेसे आहे.

त्याला आढळले ते असे. वरचा षड्ज हवा असेल तर तारेवरचे वजन दुप्पट करून भागत नाही, चौपट करावे लागते. पंचमासाठी दीडपट नव्हे, सव्वादोन पट. म्हणजे तीनाचा वर्ग भागिले दोनाचा वर्ग. आणि बासऱ्यांच्या पोकळीचे आकारमान घ्याल तर तेच सप्तक आठास एक या प्रमाणात येते. लांबीत २:१, वजनात ४:१, आकारमानात ८:१. मग सप्तकाची ‘खरी’ संख्या कोणती? संख्या स्वराच्या पोटात बसलेली नसून आपण काय मोजतो त्यावर ती ठरते, हा प्रश्न त्याने पायथागोरसाच्या वारसांपुढे ठेवला. घणांच्या बाबतीत तर वजनाचा आणि ऐरणीच्या आवाजाचा असा सरळ संबंधच नसतो.

हे पुस्तकात वाचून माझे समाधान होईना, म्हणून गेल्या महिन्यात मी घरीच करून पाहिले. एक लांब फळी घेतली, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालायच्या दांडीची जुनी कप्पी, मध्ये तार उचलून धरणाऱ्या लाकडाच्या दोन घोड्या, आणि त्यांवरून पोलादाची बारीक तार. कप्पीवरून खाली सोडलेल्या टोकाला कापडी पिशवी आणि पिशवीत वाण्याकडून मागून आणलेली वजने. दोन किलो लावून घोडी अशी सरकवली की तार पेटीच्या काळी दोनला मिळाली. मग चार किलो केले. कथेप्रमाणे आता तारषड्ज यायला हवा होता. तार छेडली आणि पेटीवर बोट शोधत गेले ते पांढरी सहावर थांबले. काळी दोन षड्ज मानलास तर पांढरी सहा म्हणजे तीव्र मध्यम, मध्यम आणि पंचम यांच्या मधला स्वर! षड्ज नाही, पंचमही नाही. साडेचार किलोला पंचम आला, काळी पाचवर, आणि आठ किलोला तारषड्ज. ती तार मी कितीतरी वेळ छेडत राहिलो.

हा तीव्र मध्यम का येतो ते तू क्षणात सांगशील. कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ताण दुप्पट केला की कंपने √२ पट होतात. आता यातली गंमत नव्हे, यातले गांभीर्य पाहा. √२ ही तीच संख्या, जी कोणत्याही दोन पूर्णांकांच्या गुणोत्तराने लिहिता येत नाही, आणि जिचा शोध परंपरा पायथागोरसपंथीयांच्याच नावावर देते. चौरसाच्या कर्णाने त्यांच्या पूर्णांकांच्या विश्वाला धक्का दिला असे आपण शिकवतो. त्यांनी खरोखरच दुप्पट वजन टांगले असते, तर तीच संख्या त्यांना तारेवर ऐकू आली असती. ज्या कथेने पूर्णांकांचे राज्य सिद्ध करायचे, तिच्यातच त्या राज्याबाहेरची संख्या वाजत होती आणि कोणी कान लावला नाही, हे मनाला फार लागते.

कानाची बाजू घेणारे ग्रीसमध्येही होते, हे मात्र सांगायला हवे. ॲरिस्टॉटलचा शिष्य ॲरिस्टोक्सेनस इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात सांगत होता की स्वराचा न्याय कानाने आणि बुद्धीने मिळून करायचा, केवळ गुणोत्तरांनी नाही. व्हिन्चेंझोने त्याच्याकडून बळ घेतले. आणि या ठिकाणी मला आपला भरत आठवल्याशिवाय राहत नाही. नाट्यशास्त्रातला दोन वीणांचा प्रयोग तुझ्या लक्षात असेल. दोन्ही सारख्या मिळवायच्या. एक अचल ठेवायची, दुसरीचा पंचम एक श्रुती, म्हणजे स्वरातले एक सूक्ष्म अंतर, उतरवून बाकीचे स्वर त्याला जुळवायचे, असे चार वेळा. दुसऱ्या उतरणीत गांधार व निषाद पहिल्या वीणेच्या ऋषभ व धैवताला मिळतात, तिसऱ्यात ऋषभ व धैवत षड्ज व पंचमाला, चौथ्यात षड्ज, मध्यम, पंचम हे निषाद, गांधार, मध्यमाला. यात एकही गुणोत्तर नाही; सारा निर्णय कानाचा, तरीही प्रत्येक पायरी कोणालाही पुन्हा करून पाहता येईल अशी. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले, त्याआधी प्रत्यक्ष गाणाऱ्यांचे स्वर तारेवर मोजून पाहिले. त्यांची सगळी गुणोत्तरे मान्य करावीत असे नाही, पण पोथीतली श्रुती गळ्यातून तारेवर आणण्याची त्यांची तळमळ मला व्हिन्चेंझोच्या कुळातली वाटते.

आता व्हिन्चेंझोच्या मुलाबद्दल. व्हिन्चेंझोचा थोरला मुलगा गॅलिलिओ १५६४ मध्ये पिसाला जन्मला. त्याने वैद्य व्हावे म्हणून वडिलांनी त्याला पिसाच्या विद्यापीठात घातले. १५८५ मध्ये तो पदवी न घेताच बाहेर पडला आणि फ्लॉरेन्सला घरी आला. वडिलांचे तारांचे प्रयोग याच सुमाराचे. मुलगा त्या फळीशेजारी उभा होता याचा लेखी पुरावा नाही. पण तो उत्तम ल्यूट वाजवी, घर एकच होते, आणि त्याच्यावर पहिला संस्कार वादकाच्या कानाचा झाला हे मला निर्विवाद वाटते. वडिलांना तारेत वर्गाचे नाते सापडले होते. मुलाला पुढे उतरत्या फळीवरून घरंगळणाऱ्या गोळ्यात तसेच नाते सापडले: अंतर काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. निसर्गातली नाती सरळ दुप्पट-तिप्पट असतीलच असे नाही, हे ज्या घरात टांगलेल्या वजनांतून उमगले होते, त्याच घरातला तो मुलगा होता.

१६३८ मध्ये, नजरकैदेत असताना, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याचा अखेरचा ग्रंथ लायडनला छापला गेला. त्यातल्या पहिल्या दिवसाच्या संवादाच्या शेवटी तो अचानक तारांकडे वळतो आणि सप्तकासाठी वजन चौपट लागते, हेच सांगतो. वडिलांचे नाव तिथे नाही. मी ते पान वाचताना मात्र दोघांनाही पाहतो.

त्या पानावर आणखी एक गोष्ट घडते. लांबीत दोन, वजनात चार, आकारमानात आठ, या गोंधळातून गॅलिलिओ वाट काढतो. स्वराचे खरे प्रमाण तारेच्या कंपनांच्या संख्येत आहे, आणि सप्तकात ते २:१ असते. जोव्हान्नी बेनेदेत्ती या गणितज्ञाने हे आधीच सुचवले होते, त्याची ती पत्रे १५८५ मध्ये छापली गेली होती. आणि पॅरिसच्या मारँ मेर्सेन या ख्रिस्ती साधूने १६३६-३७ च्या आपल्या ग्रंथात लांबी, ताण आणि तारेचे वजन या तिघांचे नियम एकत्र मांडले. लांबच लांब तारा ताणून, त्यांची संथ हालचाल डोळ्यांनी मोजून, त्याने कंपने गणली. म्हणजे संख्या परतली, पण पवित्र म्हणून नव्हे, मोजलेली म्हणून. पायथागोरस चुकला का? मला वाटते त्याचा विश्वास बरोबर होता. त्याच्या नावाने सांगितलेला पुरावा मात्र खोटा होता. या दोहोंत फरक करणे मुलांना शिकवता आले तर तुझे विज्ञानमंडळ धन्य होईल.

समान अर्धस्वरांची अचूक संख्याही याच काळातली: चीनमध्ये मिंग घराण्यातील राजपुत्र झू झाईयूने १५८४ मध्ये दोनाच्या बाराव्या मुळाने सप्तक विभागले. हे वेगळ्या पत्राचे काम आहे, इथे लांबवत नाही.

माझी एक विनंती आहे. गोष्ट मुलांना सांगितलीस त्याचा खेद मानू नकोस. उलट पुढच्या बैठकीत त्यांच्यापुढे फळी ठेव, आधी कथा पुन्हा सांग आणि वजन दुप्पट केल्यावर कोणता स्वर येईल ते पाटीवर लिहून घे. नंतरच तार छेड. वजनाला पिशवीचे वजन धरायला विसरू नकोस आणि कप्पीला तेल दे, नाहीतर स्वर किंचित उतरतो. माझा पहिला प्रयत्न त्यामुळेच फसला होता. आठ किलोला तार तुटण्याची भीती असते, म्हणून मुलांना जरा लांब बसव.

फळी अजून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून आहे. दिवाळीत येशील तेव्हा तुझ्या सतारीची बाजाची एक तार आणि पितळी खर्जाची एक तार बरोबर घेऊन ये. मला जाड तारेवर साडेचार किलोचा पंचम ऐकायचा आहे, आणि तो मिळाला की नाही हे तुझ्या कानाने ठरवायचे आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा स्नेही